कशाला हात लावलास?

पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी पंखा थांबला. चालू पंखा आपल्याला ऐकू येत नाही, थांबला की मात्र जाग येते. खिडकीतून पाहिलं तर समोरच्या इमारतीच्या जिन्यातले दिवे लागलेले, आमच्या पार्किंगमधली ट्यूबही नेहमीसारखी फडफडत होती. म्हणजे लाइट आमच्या एकट्याच्याच घरातली गेली होती. जुलैतली फरशी, अनवाणी पायांना किंचित चिकट लागणारी. मोबाइलच्या उजेडात चाचपडत दारामागच्या डीबीपाशी, म्हणजे खटक्यांच्या पेटीपाशी गेले, चपलांच्या रॅकला टेकून झाकण उघडलं. छोटे खटके सगळे माना ताठ करून वर. डावीकडचा मोठा तेवढा खाली पडलेला. वळून पाहते तर आई स्वयंपाकघराच्या दारात उभी, हातात पाण्याचं भांडं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "कशाला हात लावलास?"

"मी नाही गं कशाला लावला," ती म्हणाली. "पाणी प्यायला उठले होते."

खटका वर केला. लाइट आली, पंखा फिरायला लागला, फ्रिज गुरगुरला, दोघींनी डोळे किलकिले केले. झालं इतकंच. पण उजेडात मला दिसलं की आईने भांडं ओट्यावर ठेवून दोन्ही हात पाठीमागे घेतले होते. चोरी पकडलेल्या मुलीसारखे. सत्त्याहत्तर वर्षांची बाई. पुन्हा आडवी झाले तरी झोप लागेना, कारण ते वाक्य माझं नव्हतंच. ते अण्णांचं, माझ्या वडिलांचं होतं. शब्द तेच, 'कशाला' वरचा जोर तोच, आणि आईने उत्तराआधी घेतलेला तो अर्धा श्वासही चाळीस वर्षांपूर्वीचाच.

त्या आठवड्यात लाइट जायची आणि यायची. आम्ही दोघीच राहतो, इन्व्हर्टर घेऊ घेऊ म्हणत राहिलेला. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर वेळा टिपायला सुरुवात केली. ज्या चौकोनात 'दूध नाही' लिहायचं तिथेच खाली 'लाइट ४.१०', 'लाइट ३.२०', 'लाइट रात्री?'. रात्रीचं प्रश्नचिन्ह अशासाठी की कधी गेली कळलंच नाही, पाच वाजता उठले तेव्हा घर गप्प होतं. वेळांचा काही मेळ लागेना. पहाटे जाते, दुपारी जाते, पावसात जाते, ऊन पडलेलं असतानाही जाते. मिक्सर लावला तर जात नाही, इस्त्री तापवली तर जात नाही. जेव्हा कुणी कशालाच हात लावलेला नसतो नेमकी तेव्हा जाते.

दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, "फ्रिजचं काहीतरी आहे."

"फ्रिज चालू आहे की चांगला," मी म्हणाले. "बर्फसुद्धा होतोय." आणि विषय संपवला.

सोसायटीच्या यादीतला इलेक्ट्रिशियन आला. पंचविशीचा, हुशार, कानात एक इअरबड तसाच. त्याने डीबीकडे नुसतं पाहिलं आणि निदान केलं, "गिझर." आमच्याकडे निम्मं वर्ष टँकरचं आणि बोअरचं पाणी, बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो तसा गिझरच्या कॉइलवरही बसत असणार, त्यामुळे मलाही पटलं. कॉइलची वरची नळी कुठे चिरली की आतल्या पांढऱ्या पावडरीत ओल शिरते आणि करंट पाण्याकडे वाट काढतो, हे त्याने मला नीट समजावून सांगितलं. गिझर काढून ठेवला. तीन दिवस आंघोळीचं पाणी गॅसवर. चौथ्या दिवशी दुपारी ताट वाढलेलं असताना लाइट गेली.

तो पुन्हा आला तेव्हा जरा वैतागलेला होता. म्हणाला, "मॅडम, हा खटकाच फार सेन्सिटिव्ह असतो. एवढ्या-तेवढ्याला पडतो. काढून टाकतो, डायरेक्ट करून देतो. कटकटच मिटेल."

इथे खरं सांगायला हवं. मी त्याला विचारलं, "किती घ्याल?"

दोनशे म्हणाला. तेवढ्यात त्याला दुसरीकडून फोन आला, संध्याकाळी येतो म्हणून गेला आणि आला नाही. आमच्या घरातला तो खटका आज जागेवर आहे याचं श्रेय माझ्या शहाणपणाला नाही, त्या फोनला आहे. मी विज्ञान शाखेची पदवीधर, तीस वर्षं शाळेत मुलांना ओहमचा नियम शिकवलेली बाई. कटकट मिटतेय म्हटल्यावर मीही पाकिटाकडे हात नेला.

त्या रात्री मात्र लाज वाटून बसले आणि आमच्या डीबीत कोण कोण राहतं ते पहिल्यांदा नीट पाहिलं. बारा वर्षं या घरात आहे, पण त्या झाकणामागे काय आहे हे मला शेजारच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं त्याहून कमी ठाऊक होतं. छोटे खटके एमसीबी. दिव्या-पंख्यांना सहा अँपिअरचा, गिझरला सोळाचा, एसीला वीसचा. त्यांचं काम तार जपणं. भार जास्त झाला की आतली दोन धातूंची जोडपट्टी हळूहळू तापून वाकते आणि खटका पडतो. थेट शॉर्ट झालं तर वाट न पाहता आतलं चुंबक त्याला क्षणात ओढतं. पण तार जपणं वेगळं आणि माणूस जपणं वेगळं. दोनशे तीस व्होल्टवर माणसाच्या अंगातून जीव जाण्याइतका करंट वाहत असला तरी सोळा अँपिअरच्या खटक्याला त्याचा पत्ता लागत नाही. त्याच्या हिशेबी तो करंट चिल्लर असतो.

मोठा खटका, आरसीसीबी, तो निराळा. त्याला भाराशी देणंघेणं नाही. तो एकच गोष्ट पाहतो, फेजमधून जेवढं बाहेर गेलं तेवढं न्यूट्रलमधून परत आलं की नाही. गेलेलं आणि आलेलं जुळलं की तो गप्प. तूट आली, म्हणजे मधल्या मधे कुठूनतरी जमिनीकडे गळती झाली, की तो पाडतो. आमच्या खटक्यावर ३० एमए लिहिलेलं आहे, तीस मिलिअँपिअर. साठ वॅटचा जुना पिवळा बल्ब जेवढा करंट घेतो त्याच्या नवव्या हिश्श्याएवढी तूट. तीसपर्यंत थांबलंच पाहिजे असंही नाही, पंधराच्या पुढे गेली की कधीही पडू शकतो. आणि गळती थोडी थोडी सगळ्यांचीच असते. वॉशिंग मशीनची थोडी, कॉम्प्युटरची थोडी. बेरीज होत जाते आणि शेवटच्या चिमटीला खटका पडतो. दिसायला अपराधी तो शेवटचा.

सगळे छोटे खटके खाली घेतले, मोठा वर केला, मग एकेक वर करत गेले. प्रत्येकाला पाच मिनिटं. काही पडलं नाही. सगळे वर, दिवे झगझगीत, आणि मी डीबीसमोर स्टुलावर वाट बघत बसलेली. परीक्षेत सगळी मुलं साळसूद दिसतात तसं. एक गोष्ट त्यात शिकले. भिंतीवरचं बटण फक्त फेज तोडतं, न्यूट्रल तसाच जोडलेला राहतो. एकेरी एमसीबीचंही तेच. त्यामुळे बटण बंद केलं म्हणजे ती वस्तू निर्दोष सुटली असं होत नाही. सोडवायचं तर पिन सॉकेटमधून ओढून काढायची. मी चार दिवस बटणं बंद करून तपास करत होते.

अण्णांच्या काळात हे असं काही नव्हतं. सांगलीत गावभागातलं आमचं घर, लाकडी पट्ट्यांवर पितळी क्लिपांनी बसवलेल्या वायरी, दरवर्षी दिवाळीच्या चुन्यात त्याही थोड्या थोड्या पांढऱ्या व्हायच्या. दाराशी मीटर, त्याखाली चिनी मातीचे पांढरे फ्यूज. इलेक्ट्रिशियन लोक त्याला अजून किटकॅट म्हणतात. फ्यूज उडाला की अण्णा मला हाक मारायचे, "बॅटरी धर." तीन सेलची स्टीलची बॅटरी, धरायला जड. ते मेन खाली करायचे, फ्यूज ओढून काढायचे, नाकाशी नेऊन हुंगायचे. जळकट, थोडासा गोडसर वास. माझा हात अवघडून उजेड हलला की "नीट धर" म्हणायचे, पण प्रेमाने. मला तो वेळ फार आवडायचा. अंधारात घरातले बाकी सगळे वाट पाहतायत आणि आम्ही दोघं कामाला लागलोय. भाऊ असताना बॅटरीचा मान माझा, याचा केवढा तोरा होता.

फ्यूजची तार किती जाडीची घालायची याचे नियम असतात. अण्णांनी मात्र फ्यूज उडण्यावर आपला तोडगा काढला होता. जुन्या वायरीतले तांब्याचे तीन पेड एकत्र पिळायचे आणि ते घालायचे. "आता बघू कसा उडतो," म्हणायचे. आणि खरंच उडायचा नाही. गल्लीत सगळ्यांचे फ्यूज उडायचे, आमचा नाही. अण्णा हे पाहुण्यांना सांगायचे. मीही शाळेत सांगितलं होतं.

आमच्या घरी १९८६च्या दिवाळीत फ्रिज आला. एका दाराचा, फिकट निळा, बोनसच्या पैशातला. हळदीकुंकू लावून, नारळ फोडून त्याला आत घेतलं. तीन पिनांची त्याची टोपी आमच्या दोन भोकांच्या सॉकेटमध्ये जाईना, म्हणून अण्णांनी मधे एक जोड बसवला आणि तिसऱ्या पिनेचा प्रश्न तिथेच मिटला. ती तिसरी, जाड आणि लांब पिन कशासाठी असते हे मी नंतर वर्गात किती वेळा शिकवलं असेल. ती लांब असते, कारण आत जाताना ती सगळ्यात आधी लागावी आणि बाहेर येताना सगळ्यात शेवटी सुटावी. बाकीच्या दोघी विजेचा व्यवहार करतात, ही फक्त सोबतीला असते, काही वाईट झालं तर जमिनीपर्यंत नेऊन सोडायला. आमच्या घरात तिला न्यायला कुणी नव्हतं. अर्थिंगच नव्हतं.

पहिल्या पावसाळ्यात आई म्हणाली, "फ्रिजला हात लावला की मुंग्या येतात."

अण्णा म्हणाले, "चप्पल घालून उघडत जा."

पण स्वयंपाकघरात चप्पल आजीला चालणार नव्हती. देव तिथेच, सोवळंओवळं तिथेच. मग अण्णांनी कोनाड्यातला एक पाट आणून फ्रिजसमोर ठेवला. पाहुण्यांना जेवायला बसवायचा, पितळी फुल्यांचा पाट. त्यावर उभं राहून आई फ्रिज उघडायची. पुढची अठरा वर्षं. आम्हा मुलांना ते इतकं सवयीचं की मैत्रिणीकडे गेल्यावर फ्रिजसमोर पाट नाही याचंच मला नवल वाटलं होतं. अण्णांनी आम्हाला उलट्या हाताने स्पर्श करायलाही शिकवलं होतं. तळहाताने धरलं आणि झटका बसला तर मूठ आवळते, सुटत नाही. हाताची पाठ लावली तर हात आपोआप मागे येतो. वायरमन लोक असंच करतात, ते म्हणायचे. आईने पदर गुंडाळून उघडायची पद्धत काढली. प्रत्येकाची एकेक युक्ती ठरलेली. हे सगळं आम्ही फ्रिज दुरुस्त करण्याऐवजी करत होतो, असं तेव्हा कुणाच्याही मनात आलं नाही. फ्रिज थंड करतोय, म्हणजे फ्रिज ठीक आहे.

आमच्या घरात 'ते दूध सांडलं तेव्हा' अशी एक तारीख आहे. श्रावणातली, कुठल्या वर्षीची ते कुणालाच नक्की आठवत नाही. सत्यनारायणासाठी आणलेलं तीन लिटर दूध, स्टीलचं पातेलं, आईने फ्रिजमध्ये ठेवायला घेतलं आणि ते सगळं माजघरभर गेलं. लादीच्या फटींतून दूध वाहत उंबऱ्यापर्यंत आलेलं मला आठवतं. अण्णा बाहेरून ओरडले, "कशाला हात लावलास?" आजी पूजेचं अपशकुनी झालं म्हणून पुटपुटत राहिली. आई पुसत होती. आम्ही मुलं मांजर येतंय का पाहत होतो.

परवा, या आठवड्याच्या गडबडीत, मी आईला सहज म्हणाले, "तुला ते दूध सांडलं तेव्हाचं आठवतं?"

"दूध सांडलं नव्हतं," आई म्हणाली. "हात सुटत नव्हता. पातेलं पडलं म्हणून सुटला."

मी काही बोलले नाही. ती शेंगा सोलत होती, सोलत राहिली.

अण्णा वाईट नव्हते, हे इथे लिहायची मला गरज वाटतेय, म्हणजे माझ्या मनातही काही आहेच. आईला ताप आला की रात्रभर उशाशी बसणारा माणूस. पाट आणून ठेवला तोही काळजीनेच. त्यांना विजेची भीती नव्हती, विजेशी त्यांची बरोबरीची मैत्री होती. पण घरातल्या वस्तूने तक्रार केली तर तिचं तोंड कसं बंद करायचं एवढंच त्यांना ठाऊक होतं. फ्यूज उडतो, तार जाड कर. मुंग्या येतात, पाट ठेव. आणि लाइट गेली की आधी आईकडे बघ. कारण फ्यूज उडतो तो कुणीतरी काहीतरी केल्याशिवाय नव्हे, आणि घरात दिवसभर काहीतरी करत असायची ती एकटी आई.

२००५च्या जूनमध्ये वीज मंडळाचं विभाजन होऊन महावितरण झालं, तरी आमच्या गल्लीत अजूनही 'बोर्डाचा माणूस आलाय' असंच म्हणतात. त्याच पावसाळ्यात कृष्णेचं पाणी घरात शिरलं. आम्ही परतलो तेव्हा निळा फ्रिज माजघरातून तरंगत जाऊन जिन्याखाली आडवा पडला होता, आणि पाट देवघरात. लाकडी पट्ट्या फुगून आलेल्या. मग नाइलाजाने सगळं वायरिंग नवं झालं, आणि वायरमनने परसात खड्डा खणून कोळसा आणि मीठ घालून पाइप पुरला. तेव्हा कुठे आमच्या घराचा जमिनीशी संबंध जुळला. उन्हाळ्यात तिथे पाणी घालत जा, ओल राहिली पाहिजे, असं तो आईला सांगून गेला. आई सकाळी तुळशीला पाणी घालायची आणि उरलेला तांब्या त्या खड्ड्यावर ओतायची. शेजारच्या काकूंना वाटायचं काहीतरी व्रत आहे.

तर कॅलेंडर.

शुक्रवारी दुपारी आई त्यासमोर चष्मा लावून उभी होती. आई कराडची, माहेर किराणा दुकानाचं, घरखर्चाची वही तिने वयाच्या अठराव्या वर्षापासून लिहिलेली. म्हणाली, "तू लाइट कधी गेली ते लिहिलंयस. कधी आणलीस ते कुठंय? नुसता खर्च लिहिलास, जमा कुठाय?"

मी म्हटलं, त्याने काय होणार आहे.

"मी सांगते," म्हणाली आणि बोटांवर मोजायला लागली. पहाटे चारला गेली, तू सव्वाचारला आणलीस. दुपारी तीन-वीसला गेली, लगेच आणलीस. मग रात्री अडीचच्या आसपास गेली, तुला कळलं नाही, पाचला आणलीस. मग गेली ती दुपारी चारला. "आणल्यापासून अकरा तास. दर वेळेला. पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे."

रात्री अडीचला गेली हे तुला कसं कळलं, मी विचारलं. आईची झोप पहाटे चारनंतर नसतेच. ११ डिसेंबर १९६७ला कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. पहाटेचे चार वाजून गेलेले, कंदील भिंतीवर आपटत होता, सगळे अंथरुणातून उठून रस्त्यावर. त्या दिवसापासून चारला डोळे उघडतात, असं ती म्हणते. हल्ली त्याआधीही उघडतात. अंधारात पडून ती घर ऐकत असते. म्हणाली, "फ्रिज आधी थांबतो. गप्प होतो. मग आत टक् असं होतं. आणि मग पंखा थांबतो. मी तुला पहिल्यांदाच म्हटलं होतं, फ्रिजचं आहे."

म्हटलं होतं. खरंच म्हटलं होतं.

आणि मग सगळं आपोआप सुचत गेलं. आमचा हा फ्रिज बर्फ न साचणारा. फ्रीझरच्या मागच्या पत्र्याआड थंड नळ्या असतात, त्यांवर हिमाचा थर बसतो, आणि तो वितळवायला काही तासांनी कॉम्प्रेसर थांबून एक छोटा हीटर चालू होतो. थंड करणाऱ्या यंत्राच्या पोटात तापवणारी कांडी. वितळलेलं पाणी खालच्या ट्रेमध्ये जाऊन उडून जातं, आपल्याला पत्ताही लागत नाही. त्या हीटरमध्ये ओल शिरली असेल तर फ्रिज दिवसभर ठणठणीत चालेल, बर्फही करेल, आणि फक्त त्या एका क्षणी, टक् झालं की, करंट पत्र्यावाटे अर्थला जाईल. खटका वर केला की फ्रिजचा आतला हिशेब पुन्हा पहिल्यापासून सुरू. अकरा तास.

पिन ओढून काढली. बटण नव्हे, पिन. फ्रिज रिकामा केला आणि दोन दिवस तसाच दार उघडं ठेवून दिला. त्या दोन दिवसांत आई अशी काही तरतरीत झाली की विचारू नका. दूध तीनदा तापवलं, पातेलं पाण्याच्या परातीत ठेवलं. कोथिंबीर ओल्या फडक्यात. उरलेल्या भाताची फोडणी रात्रीच. लोणी पाण्यात. मला दर तासाला काहीतरी सांगत होती, आणि त्यात एकदाही 'आम्ही तेव्हा' असा सूर नव्हता. नुसता हात चालत होता. लाइट दोन दिवसांत एकदाही गेली नाही. दुसऱ्या रात्री मी मुद्दाम जागी राहिले. अडीच वाजले, तीन, चार. पंखा फिरत होता. पलीकडच्या खोलीत आईही जागी होती, तिच्या कुशीवर वळण्याचा आवाज आला.

या वेळी एक वयस्क मिस्त्री बोलावले. त्यांच्याजवळ गळती तपासायचा, हाताने फिरवायचा जुना मेगर होता, पाचशे व्होल्टचा. फ्रीझरचं मागचं झाकण उघडून त्यांनी हीटरची टोकं मोकळी केली, एक तार टोकाला, एक पत्र्याला, आणि हँडल फिरवलं. काटा शून्यापासून दूर जायला हवा होता, निदान एका मेगोहमपर्यंत तरी. तो शून्याशीच लोळत राहिला. हीटरची वायर जिथे आत शिरते तिथलं रबर फुगून काळं पडलं होतं. "बारा वर्षं झाली म्हणता ना ताई, मग काय," ते म्हणाले. मी विचारलं, त्या मुलाने मोठा खटका काढून डायरेक्ट केलं असतं तर? त्यांनी हात पुसत सॉकेटकडे बोट दाखवलं. "अर्थ धड आहे तोवर काही कळलं नसतं. गळती चालू राहिली असती. अर्थची तार कुठे सुटली असती की सगळं दाराच्या मुठीला." मग आईकडे बघून विचारलं, "फ्रिज आजी उघडतात का?"

आई म्हणाली, "मी उघडते. पण मी आधी हात लावून बघते."

मला वाटलं ती असंच काहीतरी बोलतेय. हीटर बदलला, फ्रिज भरला, लाइट जायची थांबली. दोनेक दिवसांनी मी टेबलाशी वह्या तपासत होते आणि आई दही काढायला उठली. फ्रिजपाशी गेली, थांबली. उजव्या हाताची पाठ, बोटांच्या पेरांची बाजू, मुठीला अलगद टेकवली. क्षणभर. मग हात उलटा करून मूठ धरली आणि दार उघडलं. बारा वर्षं ती माझ्या डोळ्यांसमोर हे करत असणार. मला वाटायचं संधिवातामुळे बोटं लगेच वळत नाहीत.

मिस्त्री जाताना सांगून गेले होते की मोठ्या खटक्यावर जे 'टी' लिहिलेलं छोटं बटण असतं ते महिन्यातून एकदा दाबायचं. आतल्या आत ते मुद्दाम थोडी तूट दाखवतं. पडला तर खटका जिवंत, नाही पडला तर तो फक्त शोभेला. बारा वर्षांत मी ते एकदाही दाबलं नव्हतं. आज ऑगस्टची पहिली तारीख. आई स्वयंपाकघरात होती, मिक्सरमध्ये चटणी फिरत होती. मी रॅकला टेकून झाकण उघडलं आणि अंगठा त्या बटणावर ठेवून दाबला. खाट. मिक्सर घरघरत थांबला, पंखा थांबला, फ्रिज गप्प झाला.

आतून आईचा आवाज आला, "कशाला हात लावलास गं?"